मदत हवी आहे: लिश्टेनश्टाइनचा पासपोर्टवरचा शिक्का

नमस्कार मंडळी, सप्टेंबरमध्ये आई-बाबांना घेऊन स्वित्झर्लंडला जातोय. झुरिकहून एक दिवस लिश्टेनश्टाइनसाठी ठेवलाय. जेमतेम १६० चौरस किलोमीटरचा देश, राजधानी वाडुझला रेल्वे स्टेशनसुद्धा नाही, म्हणून सारगान्सपर्यंत ट्रेन आणि पुढे बस असं ठरवलंय. व्हिसा शेंगेनचाच (युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एकच असतो तो) चालतो, ती काळजी नाही.

प्रश्न तिथल्या पर्यटक माहिती केंद्राचा आहे. काही फ्रँक घेऊन ते पासपोर्टवर आठवण म्हणून शिक्का मारून देतात. बाबांना त्याची फार हौस आहे. टपाल तिकिटं जमवण्याच्या छंदामुळे या देशाचं नाव ते लहानपणापासून ऐकून आहेत. पण हा काही इमिग्रेशनचा शिक्का नव्हे. भारतीय पासपोर्टवर तो घेतल्यावर परतताना विमानतळावर किंवा पुढच्या व्हिसाच्या वेळी कुणाला विचारणा झाली का? की वेगळ्या कार्डावर घेतलेला बरा? माझा कल कार्डाकडे आहे, पण बाबांचं मन मोडवत नाही.

आणखी एक, रविवारी केंद्र उघडं असतं का? बाबांना टपाल संग्रहालयही बघायचंय, त्यामुळे वार नीट निवडायला हवा. आईचे गुडघे दुखतात, बसथांब्यापासून किती चालावं लागतं तेही प्लीज सांगा.