विषय: १४ डिसेंबरची गुहांची सहल – कोण कोण येणार?

प्रेषक: माई, पर्वरी
सोमवार, ३ नोव्हेंबर, सकाळी ९:१०

नमस्कार मंडळी,

फराळाच्या दिवशी बोलणे झाले होते त्याप्रमाणे रविवार, १४ डिसेंबरची एक दिवसाची सहल जवळजवळ पक्की करते आहे. पणजीतल्या एका सहल कंपनीशी बोलले. त्यांचा बेत असा: सकाळी साडेसहाला कदंब बसस्थानकावरून मिनीबस, साखळी गावात नाश्ता, हरवळ्याच्या गुहा आणि धबधबा, मग तिथून जवळच्या एका कड्यावर रॅपलिंग (दोरावरून कडा उतरणे) आणि झिपलाइन (ताणलेल्या तारेवरून लटकत घसरत जाणे), जेवण, दुपारी सत्तरीत म्हादईवर कयाकिंग आणि परतीच्या वाटेवर खांडेपारच्या गुहा. संध्याकाळी सातला पणजी. माणशी १८०० रुपये, नाश्ता-जेवण धरून. बरोबर दोन गाइड असतील.

आपल्यातले बरेच जण इथे पंधरा-वीस वर्षे आहेत. पाहुणे आले की आपण त्यांना जुने गोवे, मंगेशी, कळंगुट दाखवून आणतो. हरवळ्याला मी स्वतः बावीस वर्षांत एकदाच गेले, तेही भर पावसात. धबधबा पाहिला, रुद्रेश्वराला हात जोडले आणि परत फिरले. गुहा हाकेच्या अंतरावर होत्या, पण कुणी सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. या वेळी तसे व्हायला नको.

कोण येणार ते रविवारपर्यंत कळवा. आगाऊ रक्कम भरायची आहे.

माई

प्रेषक: ताई, म्हापसा
सोमवार, ३ नोव्हेंबर, रात्री १०:४०

माई, आमची चार नावे धरा. पण दोन गोष्टी विचारायच्या आहेत. सासूबाई ७१ वर्षांच्या आहेत, एका गुडघ्याचे ऑपरेशन झालेले आहे. त्यांना यायची फार इच्छा आहे. गुहेत वाकून किंवा रांगत जावे लागते का? आणि आमचा धाकटा नऊ वर्षांचा. कंपनीवाले म्हणतात की दहाच्या पुढचीच मुले दोरावर घेतो, पण ‘बघू, मॅनेज करू’ असेही म्हणतात. हे ‘मॅनेज करू’ ऐकून मला जास्तच काळजी वाटायला लागली आहे. कुणी यापूर्वी असे करून आले असेल तर कृपया लिहा.

प्रेषक: बाबू, वास्को
मंगळवार, ४ नोव्हेंबर, सकाळी ८:०५

माई, मी आणि माझे दोन मित्र येतो. कयाकिंगऐवजी राफ्टिंग करता येईल का? म्हादईतले राफ्टिंग फार ऐकले आहे.

प्रेषक: आप्पा, फोंडा
मंगळवार, ४ नोव्हेंबर, रात्री ११:२०

माई, ताई, बाबू आणि सर्वांना,

गेल्या वर्षी डिसेंबरात मी, माझी बहीण आणि सतरा वर्षांची भाची, आम्ही असाच एक दिवस काढला होता. कंपनी दुसरी होती, नाव लिहीत नाही. बेत मात्र माईंनी लिहिलाय जवळजवळ तोच. त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

बाबू, राफ्टिंग पावसाळ्यातले. वाळपईच्या बाजूला जूनच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत चालते, साधारण दहा किलोमीटरच्या पट्ट्यात. डिसेंबरात म्हादईला तेवढे पाणी नसते. ते जुलैत करू, मी येईन.

आता गुहा. आम्हाला हरवळ्याला चार मिनिटे मिळाली. गाइड मुलगा भला होता, पण त्याला गुहेबद्दल एकच वाक्य पाठ होते: पांडव वनवासात इथे राहिले. ते सांगून झाल्यावर तो सगळ्यांना हेल्मेट वाटायला लागला. मला ते फार लागले, म्हणून पुढच्याच आठवड्यात मी एकटा परत गेलो आणि सकाळचे तीन तास तिथे बसलो.

एका ओळीत पाच दालने आहेत, सगळी जांभ्यात कोरलेली. आत चौथऱ्यांवर बसवलेली लिंगे. सहाव्या-सातव्या शतकातल्या या गुहा मुळात बौद्धांच्या की शैवांच्या, यावर अभ्यासकांत वाद आहे. एका लिंगाच्या दंडावर ब्राह्मी लिपीत छोटा संस्कृत लेख आहे, सातव्या शतकातला मानतात. अर्थ एवढाच: सांबलूरचा रहिवासी रवी. बाकी काही नाही. मी त्या अक्षरांसमोर किती वेळ उभा होतो ते सांगता येणार नाही.

ताई, सासूबाईंसाठी: दालने पुढून उघडी आहेत, रांगावे लागत नाही. एखाद-दुसऱ्या उंच पायरीला हात द्यावा लागेल. जरूर आणा त्यांना.

एक करा, प्रत्येकाने हातात धरायची टॉर्च आणा. मोबाइलची नको. टॉर्च समोरून मारली की भिंत नुसती तांबूस, सपाट दिसते. भिंतीला जवळजवळ टेकवून बाजूने धरली की छिन्नीचा एकेक घाव उठून दिसतो, तिरका, एकाखाली एक, शेतात नांगराच्या तासा पडाव्यात तसा. कारागीर कुठून कुठे सरकत गेला तेसुद्धा कळते. टॉर्च छताकडे मात्र फिरवू नका, वटवाघळे दिवसा तिथे झोपलेली असतात. आणि अक्षरांना हात लावू नका.

जांभ्याबद्दल थोडे, कारण पुढचे सगळे त्यावरच आहे. आपली घरे ज्या चिऱ्यांची आहेत तोच हा दगड. जमिनीत असतो तेव्हा ओलसर आणि मऊ, कुऱ्हाडीने तासता येतो. उघड्यावर आला, वारा लागला की हळूहळू घट्ट होतो. म्हणून इथे गुहा कोरता आल्या आणि म्हणूनच त्या टिकल्या. पण आतून तो सच्छिद्र असतो, जागोजागी मातीची भोके असतात. वरून टणक दिसणारा कडा चार इंच आत कसा असेल याची खात्री नसते.

आमचे रॅपलिंग अशाच एका जांभ्याच्या कड्यावर होते, साठ-सत्तर फुटांच्या. मुख्य दोर दगडात ठोकलेल्या बोल्टला बांधला होता. मी तरुणपणी सह्याद्रीत थोडेफार गिर्यारोहण केलेले असल्यामुळे मला ते पटले नाही. मागे पंधरा फुटांवर किंदळाचे मोठे झाड होते. मी म्हटले, दोर तिथून घ्या. कंपनीचा मुख्य माणूस म्हणाला, वेळ जाईल, मागे अजून एक ग्रुप आहे. त्यांच्यातलाच एक वयस्क प्रशिक्षक होता, तो काही न बोलता उठला. त्याने झाडाला वेगळा दुसरा दोर बांधला आणि प्रत्येकाला तो ‘बिले’ (belay) म्हणून, म्हणजे वरून धरून ठेवायचा सुरक्षेचा दोर म्हणून, लावायला सुरुवात केली. त्या माणसाचे उपकार आमच्या घरात कुणी विसरणार नाही.

भाची मधोमध असताना खाली किती राहिले ते बघायला वाकली. तिची लांब वेणी खांद्यावरून पुढे आली आणि सरकणाऱ्या दोराबरोबर डिसेंडरमध्ये, म्हणजे दोर ज्यातून सरकवत खाली उतरतात त्या कमरेपाशी अडकवलेल्या धातूच्या यंत्रात, ओढली गेली. इंग्रजी 8 च्या आकाराचे हे यंत्र (‘फिगर ऑफ एट’) तळहातात मावते. त्यात दोराबरोबर चार बोटे केस गेले की सुटत नाहीत, आणि आपल्याच वजनाने आणखी आवळतात. डोके यंत्राला टेकले होते, वर बघता येत नव्हते, खाली जाता येत नव्हते. ओरडलीसुद्धा नाही पोर, फक्त ‘मामा’ म्हणाली. खालून कुणीतरी म्हणाले, सुरी द्या. ताणलेल्या दोराजवळ सुरी नेणे म्हणजे काय ते ज्याला माहीत आहे त्याच्या अंगावर हे वाचूनही काटा येईल.

वयस्क प्रशिक्षकाने झाडाचा दोर दोघांच्या मदतीने ओढून धरला. तिचे सगळे वजन त्यावर आले, मुख्य दोर सैल पडला. मग तो स्वतः शेजारून उतरला आणि एकेक बट सोडवली. पंधरा मिनिटे गेली असतील. दुसरा दोर नसता तर वजन घेणार कशावर?

केस बांधा, ओढणी काढा, हे आम्हाला कुणीही सांगितले नव्हते. फोटो मात्र प्रत्येकाचे चार-चार काढले.

तर माई, पैसे भरण्याआधी त्यांना विचारा. मुख्य दोर कशाला बांधणार, दगडाला की झाडाला? प्रत्येकाला वेगळा बिले आहे का, आणि तो धरायला वर वेगळा माणूस आहे का? झिपलाइनचा ब्रेक दुसऱ्या टोकाला कोण सांभाळतो? पर्यटन खात्याची नोंदणी आणि विमा कागदावर दाखवा म्हणा. जानेवारी २०२५ मध्ये केरीच्या पठारावर पॅराग्लायडिंगच्या अपघातात पर्यटक मुलगी आणि चालक दोघेही गेले, ते आपण सगळ्यांनी वाचले आहे. कागद मागण्यात संकोच कसला?

ताई, ‘मॅनेज करू’ म्हणणाऱ्यांना सरळ नाही म्हणा. लहान मुलाच्या कमरेवर मोठ्यांचा हार्नेस (दोर अडकवायचा पट्ट्यांचा साज) नीट बसत नाही, उलटे झाले तर मूल निसटू शकते. छातीसकटचा पूर्ण हार्नेस त्यांच्याकडे असेल तरच पुढचे बोलणे.

शेवटचे, खांडेपार. यांनी ते दिवसाच्या टोकाला ठेवले आहे. डिसेंबरात सहाला सूर्य मावळतो आणि त्या गुहा झाडीत आहेत. पाचला तिथे काय दिसणार? चार गुहा आहेत. आत दिव्यांचे कोनाडे, काहीबाही अडकवायला भिंतीत केलेली खुंट्यांची भोके, आणि एका छतावर कोरलेले कमळ. कुणीतरी तिथे राहत होते, कपडे वाळत घालत होते, संध्याकाळी दिवा लावत होते, हे त्या भोकांमुळे जेवढे जाणवते तेवढे कुठल्याही पाटीने जाणवणार नाही. कमळ बघायला निदान दुपारचा उजेड हवा. मला विचाराल तर कयाकिंग गाळा. कयाक कुठेही मिळते.

आप्पा

प्रेषक: डॉक्टर, साखळी
बुधवार, ५ नोव्हेंबर, दुपारी २:१५

आप्पांचे वाचले. माझ्याकडून एका गोष्टीची भर. सत्तरी तालुक्यात २०१५ पासून माकडतापाचे रुग्ण आढळत आले आहेत आणि त्याचा हंगाम साधारण डिसेंबरपासून पावसाळ्यापर्यंत असतो. हा ताप गोचिडीच्या चाव्यातून होतो. घाबरून सहल रद्द करायचे कारण नाही, पण सत्तरीच्या रानात शिरणार असाल तर पूर्ण बाह्यांचे कपडे घाला, पँट मोज्यात खोचा, पालापाचोळ्यावर बसू नका. जेवायला चटई लागेल, तीही उघड्या जागेत. घरी गेल्यावर लगेच अंघोळ, आणि काखा, गुडघ्यांच्या मागे, कानांच्या मागे नीट बघा. मुलांचे आईने बघावे. मेलेले माकड दिसले तर जवळ न जाता आरोग्य केंद्राला कळवा. पुढच्या आठ-दहा दिवसांत अचानक जोराचा ताप आणि डोकेदुखी आली, तर डॉक्टरांना ‘रानात गेलो होतो’ हे आधी सांगा. ते सांगितले नाही तर नुसत्या डेंगीच्या चाचण्या होत राहतात.

प्रेषक: माई, पर्वरी
शनिवार, ८ नोव्हेंबर, संध्याकाळी ६:३०

मंडळी,

आप्पांचा मेल मी दोनदा वाचला आणि दुसऱ्या दिवशी कंपनीच्या कचेरीत जाऊन बसले. सगळे प्रश्न वहीत लिहून नेले होते. नोंदणीचा कागद दाखवला. विम्याचा ‘पाठवतो’ म्हणाले, तीन दिवस झाले, आलेला नाही. बिलेबद्दल विचारल्यावर ‘एका दोरावरच करतो, आजपर्यंत काही झाले नाही’ हे उत्तर मिळाले. मी नमस्कार करून उठले.

नंतर आप्पांनी त्या वयस्क प्रशिक्षकांचा पत्ता काढला. ते आता स्वतंत्रपणे लहान गट घेतात. त्यांच्याशी फोनवर बोलले. त्यांनी मला उलट प्रश्न विचारले: किती जण, वये काय, कुणाला रक्तदाब, कुणाच्या खांद्याचे दुखणे. एका दिवशी बाराच्या वर माणसे दोरावर घेत नाहीत. दोर झाडालाच बांधतात. झिपलाइन त्यांच्याकडे नाही, मुलांना वाईट वाटेल, पण चालेल. विमा आणि नोंदणी दोन्ही कागद त्याच रात्री आले.

बदललेला बेत: साडेसहाला पणजी, साखळीत पातळ भाजी-पाव, आठ ते दहा हरवळे. तिथे माहिती आप्पा सांगतील, ते नको म्हणत होते, मी ऐकले नाही. गुहा संरक्षित स्मारक आहे, तिथे दोरबिर काही नाही, खाणेही नाही. दहा ते एक रॅपलिंग. ज्यांना करायचे नाही त्यांनी रुद्रेश्वराच्या देवळात आणि धबधब्यापाशी थांबायचे, डॉक्टर त्यांच्यासोबत असतील. जेवण उसगावला खानावळीत, म्हणजे चटईचा प्रश्नच नाही. अडीच ते चार खांडेपार, उजेडात. कयाकिंग गाळले आहे. खर्च माणशी १४५० रुपये येतो.

ताई, धाकट्याला प्रशिक्षक दहा फुटांच्या उतारावर, छातीसकटच्या हार्नेसमध्ये दोराची ओळख करून देतील, कड्यावर नेणार नाहीत. तो नाराज झाला तर मी समजावेन. लांब केस असलेल्या सगळ्यांनी अंबाडा घालून, वर रुमाल बांधून यायचे. ओढण्या, सैल झब्बे, गळ्यातल्या लांब माळा घरी.

आप्पांनी जानेवारीसाठीही सुचवले आहे: रिवणच्या गुहा आणि कुशावतीकाठची उसगळीमळची कातळशिल्पे. १९९३ साली उजेडात आलेली ही चित्रे नदीकाठच्या सपाट जांभ्यावर आहेत, त्यातले गोल-गोल चक्रव्यूहाचे चित्र मी फोटोत पाहिले आहे. सपाट असल्याने सगळ्यांना चालता येईल. रिवणला मात्र पायऱ्या उतरून वाकून जावे लागते. त्याचे नंतर बघू.

फोंड्याहून येणाऱ्यांनी पणजीला यायची गरज नाही, थेट साखळीच्या बसस्थानकावर साडेसातला भेटा.

माई

प्रेषक: ताई, म्हापसा
शनिवार, ८ नोव्हेंबर, रात्री ९:५०

माई, आमची चारही नावे पक्की. धाकट्याला दहा फुटांचे सांगितले, तो आत्तापासून गॅलरीच्या कठड्याला दोरी बांधून बसला आहे, ती सोडवून घेतली. सासूबाईंना आप्पांचा मेल वाचून दाखवला. त्यांनी कपाटातली आमच्या सासऱ्यांची जुनी तीन सेलांची टॉर्च काढली आणि नवे सेल आणायला मला आत्ताच खाली पाठवले.