शब्दचर्चा : 'अलक'ला मराठीत काय म्हणावं? आणि मेळ बसतो की घालतो?

प्रश्न :
नमस्कार मंडळी. मी नागपूरची डॉक्टर, गर्भाच्या पहिल्या काही आठवड्यांवर संशोधन करते. कुराणातले गर्भाविषयीचे उल्लेख आणि आजचं भ्रूणशास्त्र या विषयावर मोमिनपुऱ्यात मराठीतून बोलायचं आहे. दोन शब्दांपाशी अडले आहे.

पहिला 'अलक'. कुराणाच्या २३व्या सूरेत, म्हणजे अध्यायात (आयत म्हणजे वचन १३-१४), क्रम येतो तो असा : नुत्फा (थेंब), अलका ('अलक'चंच रूप), मुद्गा (चावलेला तुकडा), मग हाडं, मग हाडांवर मांस. ९६व्या सूरेचं तर नावच अल-अलक. याचं भाषांतर 'रक्ताची गुठळी' असं सर्रास वाचायला मिळतं. पण गर्भ कोणत्याच टप्प्यावर गुठळी नसतो. ओपीडीत 'गुठळी पडली' म्हणत जी बाई येते, तिच्या पोटात भीतीचा गोळा उठलेला असतो. तोच शब्द मी जीव धरण्यासाठी कसा वापरू?

दुसरा शब्द कुराण आणि भ्रूणशास्त्र या दोहोंच्या नात्याचा. सुसंगती, समन्वय की मेळ?

उत्तर :
डॉक्टर आपा, सलाम. मी अरबी शिकवतो. 'अलक'चं मूळ ऐन-लाम-काफ या तीन अरबी अक्षरांचा धातू. अर्थ लटकणं, चिकटणं, जडणं. 'अलक'चे अर्थ कोशांत तिन्ही मिळतात : चिकटून लोंबणारी वस्तू, जळू आणि साकळलेलं रक्त. म्हणजे गुठळी हा अर्थ कुणी पदरचा घातलेला नाही, जुने भाष्यकारही तोच देतात. पण धातूचा गाभा चिकटण्याचा आहे. उर्दूतला 'तअल्लुक' (संबंध) याच धातूचा.

उत्तर :
आणि मराठीतला 'तालुका'ही! तसाच 'इलाखा', मूळ अरबीत 'अलाका', म्हणजे संबंध. आपण 'मुंबई इलाखा' म्हणत आलो, कामठी तालुका म्हणतो, आणि त्यात चिकटण्याचाच धातू बसलाय हे ध्यानात येत नाही. ताई, व्याख्यानाची सुरुवात इथूनच करा. ऐकणाऱ्याला अलक परका वाटणार नाही.

मराठी प्रतिशब्द म्हणून मी 'चिकटलेला गोळा' सुचवीन. 'लगडलेला' गोड आहे, पण तो फांदीवरच्या फळांना शोभतो. 'बिलगलेला' म्हटलं की माया येते, ती मुळात नाही.

प्रश्नकर्ती :
'चिकटलेला' मला जवळचा वाटतो, कारण बायका तोच शब्द वापरतात. सोनोग्राफीच्या टेबलावर पडल्या पडल्या विचारतात, "मॅडम, पिशवीला नीट चिकटलंय ना?" फलनानंतर साधारण सहाव्या-सातव्या दिवशी गर्भ पिशवीच्या अस्तराला चिकटू लागतो आणि दहाव्या-बाराव्या दिवसापर्यंत त्यात पुरता रुतून बसतो. पाठ्यपुस्तकात याला रोपण म्हणतात.

फ्रेंच डॉक्टर मॉरिस बुकाई यांनीही १९७६च्या आपल्या पुस्तकात गुठळीऐवजी चिकटणारी वस्तू हाच अर्थ धरला. पुढे टोरोंटोचे शरीररचनाशास्त्रज्ञ कीथ मूर यांनी गर्भाच्या आकाराची जळूशी तुलना केली. जळूपाशी मात्र मी थबकते. आकार जुळला म्हणून अर्थ ठरवायचा, हे मला संशोधक म्हणून पटत नाही.

उत्तर :
थबकता ते योग्यच. अर्थ भाषेनं ठरवावा, सूक्ष्मदर्शकानं नव्हे. आधी प्रयोगशाळेत काय दिसतं ते पाहायचं आणि मग कोशातला सोयीचा अर्थ उचलायचा, यात ग्रंथाचाही मान राहत नाही आणि विज्ञानाचाही. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मला इथेच दिसतं. मराठीत मेळ 'बसतो' आणि मेळ 'घालतात'. मेळ बसला, तर दोन्ही गोष्टी आपापल्या जागी राहून जुळतात. मेळ घातला, तर कुठेतरी काहीतरी वाकवलेलं असतं. 'समन्वय'मध्ये घालणं आलंच, तो कुणीतरी करावा लागतो. 'सुसंगती' कागदावर बरी, सभेत जड जाईल. 'मेळ' घ्या, पण क्रियापद जपून.

आणखी एक. ग्रीक वैद्य गॅलेननं दुसऱ्या शतकात गर्भाच्या चार अवस्था मांडल्या होत्या. सुश्रुतसंहितेत पहिल्या महिन्यात 'कलल', दुसऱ्यात 'घन' असा क्रम आहे. टप्प्याटप्प्यानं वाढणारा गर्भ माणसाला फार पूर्वीपासून खुणावत आलाय, हेही सांगाल तर ऐकणारा तुमच्यावर जास्त विश्वास ठेवील.

प्रश्नकर्ती :
सांगणार आहे. आणि जिथे मेळ बसत नाही तेही सांगणार आहे. आयतीत आधी हाडं, मग त्यांच्यावर मांस चढवलं असं येतं. गर्भात मात्र हाडांचे कूर्चेचे (मऊ हाडाचे) साचे आणि स्नायू साधारण एकाच काळात घडत जातात. माझी श्रद्धा कुराणावर आहे, पण ती दर दहा वर्षांनी बदलणाऱ्या पाठ्यपुस्तकाच्या खुंटीला टांगावी असं मला वाटत नाही. आयत म्हणजे निशाणी, खूण. खूण पाहून माणसानं शोधायला निघावं. अरब वैद्य इब्न अल-नफीस तेराव्या शतकात तसाच निघाला. हृदयाच्या उजव्या कप्प्यातलं रक्त फुफ्फुसांतून फिरून डाव्या कप्प्यात येतं, हे त्यानं गॅलेनच्या विरोधात जाऊन लिहिलं. तो फिकहचाही, म्हणजे इस्लामी धर्मशास्त्राच्या कायद्याचाही, पंडित होता.

उत्तर :
आपा, हे ऐकायला मी नक्की येणार. 'मुद्गा'चं काय ठरवलंत?

प्रश्नकर्ती :
'चावलेला घास' लिहिलंय, पण 'घास' म्हटलं की अन्न डोळ्यांपुढे येतं.

उत्तर :
मूळ शब्दातही तोंडात मावेल एवढा चावायचा तुकडाच आहे. 'चघळलेला गोळा' म्हणा. 'नुत्फा'ला सरळ 'थेंब' पुरे.