ग्रो लाईटचा प्लग तापतोय, अर्जंट मदत हवी आहे

रानवाट: घरात मायक्रोग्रीन्सचा (ट्रेमध्ये वाढवून कोवळीच कापायची रोपं) रॅक आहे, त्यांना उजेड देणाऱ्या ग्रो लाईटचा प्लग इतका तापतोय की बोट ठेववत नाही आणि कालपासून प्लास्टिक जळल्यासारखा वास पण येतोय. शनिवारी हॉटेलला माल द्यायचाय त्यामुळे बंद ठेवणं शक्य नाही. न तापणारा लाईट कुठला ते पटकन सांगा प्लीज

तारांगण: वास येतोय ना, मग आधी बंद करा. किती वॅटचे? प्लग भिंतीत आहे की एक्स्टेन्शनवर?

रानवाट: १००० वॅटचे दोन, एक्स्टेन्शनवर. एमसीबी (लोड वाढला की आपोआप पडणारा स्विच) एकदाही पडला नाही म्हणजे लोडचा प्रश्न नाही. मी लाईटचं विचारलंय

शेवंता७: मायक्रोग्रीन्सना लाईट कशाला हवेत?? आमच्याकडे मेथी, मोहरी पूर्वेच्या खिडकीत मस्त येते. बिल पण वाचतं

तारांगण: एमसीबी भिंतीतल्या वायरसाठी असतो. पिन सैल बसली की तेवढीच जागा तापते, करंट वाढत नाही, मग तो पडणार कशाला? आणि ते १००० वॅट खोक्यावरचं, असली एलईडी पॅनेल बऱ्याचदा १००-१५० वॅटच खातात, खरा आकडा मागच्या स्टिकरवर बघा. तेवढ्याने बोर्ड असा तापत नाही. त्यावर अजून काय लावलंय?

ओंजळ: मी न्यू जर्सीत असते, थंडीत कढीपत्ता आत आणून लाईटखाली ठेवते. आधी एचपीएस म्हणजे सोडियमचा दिवा होता, त्याची काच भयंकर तापायची, पडदा लांब ठेवावा लागायचा. एलईडीच घ्या. आणि कढीपत्त्याला थंडीत पाणी बेताचं, नाहीतर मुळं कुजतात

तारांगण: ओंजळताई, त्यांचे एलईडीच आहेत

रानवाट: हीटर आहे. नाशिकला गारठा आहे, बी रुजत नाही. २००० वॅटचा, १६ अँपिअरच्या मोठ्या प्लगला ६ चा कन्व्हर्टर लावून. पण तो फक्त रात्री असतो

जुना_वायरमन: अहो मग लाईट कशाला बदलताय! २००० भागिले २३० म्हणजे साडेआठच्या वर अँपिअर, रात्रभर, ६ अँपिअरच्या सॉकेटमधून. हीटर भिंतीतल्या १६ च्या पॉइंटवरच लावा, मध्ये कन्व्हर्टर नको. रॅकखाली सुकं कोकोपीट, थर्माकोल असेल तर आत्ताच हलवा

मृगजळ: आरसीसीबी बसवा, विषय संपला

जुना_वायरमन: आरसीसीबी लीकेजसाठी, करंट बाहेर गळला की तो लाईन तोडतो. ओल्या ट्रेंजवळ हवाच, पण सैल सॉकेट त्याला कळत नाही. आणि कधी पेट घेतलाच तर पाणी मारू नका, आधी मेन बंद

रानवाट: काढलं सगळं. सॉकेटचं एक भोक तपकिरी पडलंय, कन्व्हर्टरची पिन काळी. पॉलिश पेपरने घासलं तर आठवडाभर चालेल का

जुना_वायरमन: नाही. तापून पितळी पट्टीची पकड गेली की ती परत येत नाही. दोन्ही फेकून द्या. नवा बोर्ड आयएसआय मार्कचा घ्या, रॅकपेक्षा उंच भिंतीवर टांगा आणि वायरला प्लगच्या खाली झोळ द्या, म्हणजे ओघळ आलाच तर खाली टपकेल, पिनेपर्यंत जाणार नाही

रानवाट: आणि शनिवारचे ट्रे?

शेवंता७: बी रुजायला झाकून ठेवलेल्या ट्रेंना उजेड लागतच नाही. उघडलेले खिडकीत ठेव, थोडे लांबट होतील, कापता येतील