लहानग्यांची रग्बी : मैदानाच्या कडेला उभ्या राहिलेल्या आईबाबांचे अनुभव

इंग्लंडातल्या मराठी घरांत रग्बीचं नाव काढलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "अगं, हातपाय मोडला तर?" टीव्हीवर दिसणारी धिप्पाड माणसं आणि त्यांची धडकाधडकी एवढीच आपली ओळख. त्यामुळे फुटबॉल, पोहणं, तायक्वांदो चालतं, पण शेजारच्या मैदानावर रविवारी सकाळी चिखलात पळणाऱ्या पोरांकडे आपण लांबूनच बघतो. ज्यांच्या मुलामुलींनी क्लबात एखादा तरी हंगाम काढला आहे त्यांनी इथे लिहावं. चांगलं लिहा, वाईटही लिहा. निर्णय घेऊ पाहणाऱ्या आईबाबांना दोन्हींचा उपयोग होईल.

सुरुवात मीच करते.

रेडिंग, इंग्लंड

मुलगा सात वर्षांखालील गटात गेला. या गटात टॅकल (समोरच्याला मिठी मारून पाडणं) नसतो, स्क्रम (दोन्ही संघांनी वाकून एकमेकांना रेटणं) नसतो, चेंडूला लाथही मारायची नसते. एका बाजूला चारच खेळाडू. प्रत्येकाच्या कमरेला पट्टा आणि त्याला दोन्ही बाजूंना एकेक टॅग, म्हणजे ओढली की सुटणारी पट्टी, लटकवलेला. समोरच्याला पाडायचं नाही, त्याचा टॅग ओढायचा, हात वर करून "टॅग!" असं ओरडायचं. ज्याचा टॅग गेला त्याने तीन सेकंदांत पास द्यायचा. आणि मग टॅग ओढणाऱ्याने तो टॅग त्याच्या हातात परत द्यायचा!

हे परत देणं मला फार आवडलं. नुकतंच ज्याला अडवलं त्याच्याच हातात त्याची वस्तू ठेवायची, त्याने ती लावेपर्यंत थांबायचं, मग पुन्हा पळायचं. दर सामन्यात कितीतरी वेळा हे होतं. कुणी वेगळे धडे देत नाही, खेळातूनच ते अंगात उतरतं.

अवघड जातं ते मागे पास देणं. पळायचं पुढे आणि चेंडू द्यायचा मागे, हे सहा वर्षांच्या डोक्याला पटत नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये सगळी पोरं चेंडूभोवती घोळका करून पळत होती. नाताळनंतर एक मुलगी आपणहून बाजूला लांब उभी राहायला लागली, तिला मोकळं मैदान मिळायला लागलं, आणि बाकीच्यांनी तिचं बघून उचललं. आमचा पोरगा बुजरा, अनोळखी मुलांशी बोलत नसे. मार्चमध्ये तो मैदानभर ऐकू जाईल असा "माझ्याकडे दे!" म्हणून ओरडला, तेव्हा त्याचे बाबा आणि मी एकमेकांकडे बघत राहिलो.

थंडीचं मात्र खरं आहे. जमीन गोठली की सराव रद्द होतो, पण नुसता पाऊस असेल तर होत नाही.

ब्रिस्टल, इंग्लंड

मी मूळचा इस्लामपूरचा, कॉलेजपर्यंत कबड्डी खेळलो. लेकीला सोडायला जायचो तेव्हा कोच म्हणाले, नुसते उभे राहताय, शंकू तरी मांडा. तिथून सुरू झालं ते आता मी नऊ वर्षांखालील गटाचा सहायक कोच आहे. आधी डीबीएस म्हणजे पोलीस-नोंदींची पडताळणी होते, मुलांच्या सुरक्षिततेचं प्रशिक्षण घ्यावं लागतं, डोक्याच्या दुखापतीबद्दलही शिकावं लागतं. सगळं विनावेतन. इंग्लंडातले छोट्यांचे गट आईबाबांच्या अशा स्वयंसेवेवरच चालतात.

इंग्लंडात टॅकल सुरू होतो तो याच गटात, म्हणून इथे जरा सविस्तर लिहितो. पहिले काही आठवडे उभ्याने टॅकल नसतोच. दोन्ही मुलं गुडघ्यांवर. मग एक गुडघ्यावर, दुसरा चालत. मग चालत-चालत, आणि शेवटी पळत. सांगायचं एवढंच की नजर समोरच्याच्या चड्डीवर, डोकं त्याच्या पाठीमागच्या बाजूला, गाल कुल्ल्याला टेकलेला, दोन्ही हातांची घट्ट मिठी आणि पाय चालते. डोकं पुढच्या बाजूला गेलं की धोका, म्हणून तिथे शिट्टी वाजवून खेळ थांबवायचा. २०२३ पासून इंग्लंडातल्या क्लब आणि शाळांच्या रग्बीत टॅकल छातीच्या हाडाच्या टोकाखालीच करायचा असा नियम आहे, आधी खांद्यापर्यंत चालायचा. पोटाच्या उंचीवर मिठी मारायची सवय लहानपणीच लागली तर पुढे डोक्याला डोकं आपटत नाही.

कबड्डी खेळलेल्या माणसाला यातलं बरंचसं ओळखीचं वाटतं. कंबर पकड आणि मांडी पकड शिकवताना आमचे सर डोकं कुठे ठेवायचं हेच आधी सांगायचे. फरक असा की कबड्डीत घोटा धरून ओढलं तरी चालतं, इथे हातांनी कवेत घेतल्याशिवाय टॅकल वैध नाही. मी पोरांना एकदा 'साखळी' करून दाखवली, सामन्यात तिचा उपयोग नाही, पण शेजारच्यावर भरवसा ठेवायला त्यांना मजा आली.

अजून एक नियम प्रत्येक पालकाला माहीत असावा. संघातल्या प्रत्येक मुलाला निदान अर्धा सामना खेळायला मिळालाच पाहिजे. जो सावकाश पळतो त्यालाही.

इंग्लंड, मिडलंड्स

चांगलं आणि वाईट दोन्ही लिहा म्हणालात म्हणून लिहिते.

माझा मुलगा दहा वर्षांखालील गटात असताना एका रग्बी महोत्सवात, म्हणजे अनेक क्लबांच्या सामन्यांत, पडला आणि डोकं जमिनीवर आपटलं. उठला, पण कुठल्या संघाशी खेळतोय हे सांगता येईना. आमच्या कोचने त्याला तत्क्षणी बाहेर काढलं आणि तो "मी बरा आहे" म्हणून कितीही रडला तरी परत घेतलं नाही. ब्रिटनमधल्या हौशी खेळांच्या नियमांप्रमाणे किमान २१ दिवस सामना बंद. शाळेलाही कळवलं, हळूहळू सुरुवात केली. त्याला काही झालं नाही, देवाची कृपा. पण समोरच्या संघाचा एक पालक मैदानाबाहेरून "नाटक करतोय" असं ओरडला होता, ते मी विसरलेले नाही. त्याच्या क्लबाने त्याला समज दिली असं नंतर कळलं.

मी हंगाम संपेपर्यंत विचार केला. २०१६ साली सत्तरहून अधिक डॉक्टर आणि अभ्यासकांनी शाळेतल्या रग्बीतून टॅकल काढून टाका असं सरकारला खुलं पत्र लिहिलं होतं. त्यावर उलट बाजूची मतंही वाचली. शेवटी आम्ही त्याला टच रग्बीत घातलं, तिथे नुसता हात लावायचा असतो. पास तेच, पळणं तेच, मित्रही बरेचसे तेच. ब्रिस्टलचे दादा जे शिकवतात ते मन लावून शिकवत असणार, त्याबद्दल शंका नाही. पण दहा वर्षांच्या मुलाच्या डोक्याचा प्रश्न असेल तर आईवडिलांना 'आता पुरे' म्हणता आलं पाहिजे, आणि त्यांना कुणी भित्रं म्हणू नये.

हॅमिल्टन, न्यूझीलंड

आमच्याकडे शनिवार सकाळ! आणि हंगाम उलटा, एप्रिल ते ऑगस्ट. छोट्यांच्या खेळाला इथे रिप्पा रग्बी म्हणतात. कमरेच्या पट्ट्यावरची निशाणं ओढायची आणि "रिप!" ओरडायचं. मुली-मुलगे एकत्र.

माझ्या सासूबाई साताऱ्याहून आल्या होत्या. दव पडलेल्या गवतावर पोरं अनवाणी खेळताना बघून त्यांना धक्काच बसला, नातवाचे बूट हातात घेऊन त्या मैदानात निघाल्या होत्या! आमच्या क्लबात लहान गट अनवाणीच खेळतात, कुणाचा पाय कुणावर पडला तरी लागत नाही. मध्यंतरात संत्र्याच्या फोडी. त्या फोडी कापून न्यायची पाळी आमची आली तेव्हा आजींनी डबाभर संत्री सोलून, वरचा पापुद्राही काढून नेली. सगळ्या मुलांनी आधी त्यांचाच डबा संपवला. त्यानंतर एकाही शनिवारी त्या घरी थांबल्या नाहीत.

मुंबई

मुंबईत रग्बी हा पावसाळ्याचा खेळ, हे खूप जणांना माहीत नसतं. बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर बाकीचं वर्ष क्रिकेट, जून लागला की रग्बी. समोर आझाद मैदान. मॅजिक बस ही गरीब मुलांसाठी काम करणारी संस्था १९९९ साली इथूनच उभी राहिली. जिमखान्यात रग्बी खेळणारे मॅथ्यू स्पेसी यांनी समोरच्या पदपथावर राहणाऱ्या मुलांना खेळायला बोलावलं, त्यातून पुढे सगळं वाढलं.

माझा मुलगा उपनगरातल्या एका छोट्या क्लबात टॅग रग्बी खेळतो. मैदान मिळणं हीच मोठी लढाई. फुटबॉलवाले सकाळी सहाला, आम्ही साडेसातला, नऊनंतर क्रिकेट. पट्टे कमी पडले की कोच नाडीत कापडाची पट्टी खोचून देतात. पण गटात मनपा शाळेतली मुलं आहेत, मोठ्या सोसायट्यांतली आहेत, कोळीवाड्यातली आहेत, आणि एरवी ती एकत्र कुठे आली असती ते मला सांगता येणार नाही. २०२५ च्या जूनमध्ये अंधेरीच्या क्रीडासंकुलात रग्बी प्रीमियर लीगचा पहिला हंगाम झाला, तेव्हा सगळी गँग बघायला गेली होती. भारताच्या महिला संघाची कर्णधार राहिलेली वाहबिज भरुचा पुण्याची आहे हे ऐकल्यापासून आमच्या गटातल्या दोन मुली स्वतःला तिच्याच संघातल्या समजतात.

लंडन

फक्त मुलींबद्दल लिहिते. २७ सप्टेंबर २०२५ ला इथल्या ट्विकनमच्या रग्बी मैदानावर महिला विश्वचषकाचा अंतिम सामना झाला, इंग्लंडने कॅनडाला ३३-१३ असं हरवलं. ८१,८८५ प्रेक्षक होते, त्यांत मी आणि माझी आठ वर्षांची लेक. पुढच्याच रविवारी आमच्या क्लबात मुलींची रांग लागली होती, पट्टे पुरेनात. आधी तिच्या वयोगटात ती आणि अजून एक, एवढ्याच होत्या. आता मुलींचा वेगळा सराव सुरू झाला आहे. पावसात भिजून, दोन्ही गुडघे चिखलाने माखून ती गाडीत बसते, आणि घरी येईपर्यंत कोण कुठून पळालं ते सांगत असते. मला हे माझ्या लहानपणी मिळालं नाही. तिला मिळतंय याचं मला अप्रूप आहे.

पुणे

अनुभव नाही, प्रश्न आहे. ऑगस्टमध्ये आम्ही इंग्लंडला येतोय, मुलगा साडेसात वर्षांचा. चष्मा आहे. कधी खेळला नाही. खर्च किती, काय घ्यावं लागतं?

ब्रिस्टल, इंग्लंड

ताई, आधी काहीच घेऊ नका. बहुतेक क्लब सुरुवातीचे एक-दोन सराव फुकट बघू देतात. बूट जुनेच घ्या, क्लबात मोठ्या मुलांचे लहान झालेले बूट खोक्यात ठेवलेले असतात, सहा महिन्यांत पाय वाढतोच. आतून घालायला अंगाला घट्ट बसणारा पूर्ण बाह्यांचा थर्मल घ्या, नोव्हेंबरपासून लागेल. गमशील्ड (दातांवर बसवायचं कवच) टॅकल सुरू होईपर्यंत नको, पण सवय म्हणून आधी दिलं तर चांगलं. चष्म्याबद्दल क्लबाला पहिल्याच दिवशी सांगा. खेळासाठीचे खास गॉगल मिळतात, पण कुठले चालतात ते त्यांनाच विचारून घ्या. ऑगस्ट-सप्टेंबरला नोंदणी असते, तेव्हा अगदी वेळेवर येताय. आणि गाडीच्या सीटवर अंथरायला एक जुनी चादर पुण्याहूनच घेऊन या.