पाहुण्यांना होम थिएटर दाखवताना तुम्ही कोणती डिस्क लावता?

आज कपाट आवरताना 'हाऊस ऑफ फ्लाइंग डॅगर्स'ची डिस्क हाती लागली आणि आवरणं तिथंच राहिलं. २००४चा सिनेमा. ढोलांच्या वर्तुळात नर्तकी उभी असते, समोरचा अधिकारी दाणा भिरकावतो आणि तो ज्या ढोलावर आपटेल त्यावर तिने बाहीचा फटका मारायचा. नवे स्पीकर आले तेव्हा सासऱ्यांना हाच प्रसंग दाखवला होता. दाणा मागच्या कोपऱ्यात टणकन वाजला आणि त्यांनी मान वळवून पाहिलं! चॅनेल, सबवूफर (खोल आवाजाचा, म्हणजे बेसचा स्पीकर) काहीच समजावावं लागलं नाही. आवाज किती मोठा येतो यापेक्षा कुठून येतो, ते पाहुण्यांना ऐकवावं असं माझं ठाम मत. तुमचे अनुभव लिहा.

सूरपेटी: मास्टर अँड कमांडर, जहाजांवरच्या लढाईचा सिनेमा!! धुक्यातला पहिला हल्ला. लाकडाची करकर, डेकवरची पावलं, दूर एक लकाकी आणि मग धडाधड गोळे. कृपा करून थेट तोफांवर उडी मारू नका. आधीची शांतता ऐकली तरच अंगावर काटा येतो.

निळावंती: +१ सूरपेटी. सविस्तर रात्री लिहिते, लेकीला आणायला निघालेय.

जुना_ठेवा: मेट्रिक्स सिनेमातला लॉबीतला गोळीबार. गोळ्यांपेक्षा फरशीवर पडणाऱ्या रिकाम्या पुंगळ्यांची किणकिण ऐका. डीव्हीडीच्या काळात ज्याच्या घरी जावं तिथे हेच लागायचं, आणि दर वेळी तितकंच आवडायचं.

मल्हारवेडी: गाणी कुणीच नाही लिहिली? ईगल्स बँडची हेल फ्रीझेस ओव्हर ही डिस्क, तिचा डीटीएस (सराउंड आवाजाचा) ट्रॅक. हॉटेल कॅलिफोर्नियाच्या सुरुवातीला गिटार आणि मग तो खोल ठोका. ठोका पोटात जाणवला पाहिजे, पण गिटारची तार त्यात बुडता कामा नये. बुडत असेल तर सबवूफर जास्त चढवलाय.

अबोल: सबवूफरचा विषय निघालाच आहे तर, आमचा कोपऱ्यात घुमतो आणि सोफ्यावर बेस गायब. काय करावं?

जुना_ठेवा: @अबोल, सबवूफर तात्पुरता सोफ्यावर ठेवा, बेसचं गाणं लावा आणि खोलीभर रांगत फिरा. जिथे बेस एकसारखा, स्वच्छ ऐकू येईल तिथे सबवूफर हलवा. भिंतींवरून परतणाऱ्या लाटा काही जागी एकमेकींना मारतात, तुमचा सोफा तशाच जागी असणार.

अबोल: रांगत? :-O

जुना_ठेवा: खरंच रांगत. कान सबवूफरच्या उंचीला हवेत.

तारायंत्र: सगळ्यांना एक विनंती, पाहुणे यायच्या आधी सेटिंग बघून ठेवा. प्लेअरमध्ये 'सेकंडरी ऑडिओ' (मेनूचे, कॉमेंटरीचे आवाज मिसळणारं सेटिंग) चालू असेल तर बऱ्याच प्लेअरमधून लॉसलेस (काहीही न छाटलेला) ट्रॅक रिसीव्हरपर्यंत, म्हणजे स्पीकरना आवाज पुरवणाऱ्या पेटीपर्यंत, पोचतच नाही. ते बंद करा. रिसीव्हरवर ट्रूएचडी किंवा डीटीएस-एचडी (लॉसलेस ट्रॅकची नावं) दिसलं की झालं. नाइट मोडही काढा, तो मोठे आवाज दाबतो आणि लहान वर ओढतो. मग सूरपेटी म्हणतात ती शांतता उरणार कुठून? शिवाय सुरुवातीच्या जाहिराती आधीच संपवून प्रसंगावर पॉज करून ठेवायचं.

निळावंती: आले परत. माझं जरा वेगळं आहे. बाबांना श्रवणयंत्र आहे, स्फोटबिट लावले की त्यांना नुसती खरखर ऐकू येते. म्हणून ते आले की मधला स्पीकर (संवाद मुख्यतः त्यातून येतात) थोडा वाढवते आणि दोन माणसं खोलीत बोलताहेत असा एखादा साधा प्रसंग लावते. परवा म्हणाले, "आज सबटायटल नको." माझ्यासाठी याच्यावर डेमो नाही.

मल्हारवेडी: निळावंती, किती छान. आईसाठी आजच मधला स्पीकर वाढवून बघते.

सूरपेटी: बाबांना नमस्कार सांग गं.

पाऊसपाणी: आत्ताच धागा वाचला. अ‍ॅटमॉससाठी (डोक्यावरूनही आवाज येतो ती पद्धत) छतात स्पीकर बसवावेच लागतात का? भाड्याचं घर आहे.

तारायंत्र: नाही. समोरच्या स्पीकरवर ठेवायचे, वर तोंड केलेले मिळतात. आवाज छतावर आपटून खाली येतो. छत मात्र सपाट हवं.