वेड्रॉइड ‘पाच मिनिटांत’ लागत नाही

खटपट्या: ‘वेड्रॉइड टाका, पाच मिनिटांत मोबाइलची सगळी ॲप लिनक्सवर’ या मेसावाला यांच्या पोस्टला उत्तर देणं भाग आहे. वेड्रॉइड म्हणजे लिनक्सवर अँड्रॉइड चालवणारं सॉफ्टवेअर. सगळी नाहीत! एपीके, म्हणजे अँड्रॉइड ॲपची फाइल, ही झिप फाइलच. उघडून लिब फोल्डर बघा. तो नसेल तर ॲप बहुधा चालेल. आत फक्त एआरएमचा, म्हणजे मोबाइलच्या प्रोसेसरचा, कोड असेल तर इंटेल-एएमडीच्या मशिनवर तो भाषांतरित करणारं लिबहौदिनी किंवा लिबएनडीके वेगळं टाकावं लागतं, मूळ इमेजमध्ये ते येत नाही. बँकेच्या ॲपची तर आशाच सोडा, प्ले इंटेग्रिटीच्या (उपकरण विश्वासू आहे का हे बघणाऱ्या गूगलच्या) तपासणीत बहुतेक तिथेच अडकतात.

मेसावाला: बँकेच्या ॲपवरून सगळ्याला नावं ठेवू नका. वेलँड (लिनक्सची नवी डिस्प्ले पद्धत) सत्र, कर्नलमध्ये बाइंडर (अँड्रॉइडच्या प्रक्रियांना आपसात बोलायला लागणारा भाग) आणि इंटेल किंवा एएमडीचं ग्राफिक्स असेल तर उत्तम वेग मिळतो, कारण हा एम्युलेटर, म्हणजे अख्ख्या फोनची नक्कल, नाही. अँड्रॉइड एलएक्ससी कंटेनरमध्ये, म्हणजे लिनक्समधल्याच वेगळ्या कप्प्यात, चालतं आणि तो तुमचाच कर्नल वापरतो. ‘आत नेट नाही’ ही तक्रारही बहुतेकदा फायरवॉलची असते: वेड्रॉइडच्या ब्रिजवर (कंटेनरला नेटशी जोडणाऱ्या आभासी जोडणीवर) पोर्ट ५३ आणि ६७ उघडा, फॉरवर्डिंगला परवानगी द्या.

जुनं_सत्र: वेलँड, वेलँड! एक्स११ या जुन्या डिस्प्ले पद्धतीवर काम करणाऱ्यांनी काय करायचं?

मेसावाला: वेस्टन किंवा केज हा छोटा वेलँड कंपोझिटर (खिडक्या पडद्यावर मांडणारा प्रोग्राम) उघडा आणि वेड्रॉइड त्यात चालवा.

जुनं_सत्र: म्हणजे एका ॲपसाठी आणखी एक कंपोझिटर, आणि ॲपची खिडकी त्या चौकटीबाहेर येणार नाही. एनव्हिडियाचा मालकीचा ड्रायव्हर असेल तर आणखी हाल. वेड्रॉइडच्या कॉन्फिग फाइलच्या ‘प्रॉपर्टीज’ भागात ग्राफिक्सच्या दोन सेटिंग, ग्रॅलॉक ‘डिफॉल्ट’ आणि ईजीएल ‘स्विफ्टशेडर’, लिहा, मग वेड्रॉइडच्या ‘अपग्रेड’ आज्ञेला ‘ऑफलाइन’ जोडून चालवा. एवढं करून सगळं चित्र सीपीयूच काढतो, साधी यादी सरकवली तरी अडखळते. नवख्याला हे आधी का सांगत नाही तुम्ही लोक?

मेसावाला: दोष त्या ड्रायव्हरचा आहे, वेड्रॉइडचा नाही! इथला ग्राफिक्सचा भाग मेसा या मुक्त ग्राफिक्स ड्रायव्हरच्या संचावर बेतलेला आहे. लॅपटॉपमध्ये दोन ग्राफिक्स चिप असतील तर इंटिग्रेटेडवर चालवा.

खटपट्या: दोष कुणाचाही असो, भोगतो वापरणारा. सल्ला देण्याआधी कार्ड आणि सत्र विचारायला काय जातं?

मेसावाला: ठीक, ‘पाच मिनिटं’ मागे घेतो. पण फक्त मालकीच्या ड्रायव्हरवाल्यांपुरतं.

खटपट्या: आणि एआरएमवाल्या ॲपपुरतंही.