साठे यांचा लेथ आणि सामाईक भिंत : सोसायटीच्या ग्रुपवरील चर्चा

सौ. गोखले (क्र. ७): सर्वांना नमस्कार. काल साठे यांच्या गॅरेजमध्ये दोन माणसे टेप लावून मापे घेत होती आणि त्यांच्या बोलण्यावरून तेथे जुने लेथ मशीन (धातू फिरवत ठेवून कापण्याचे यंत्र) बसणार असल्याचे समजले. आमची आणि त्यांची भिंत एकच आहे, हे समितीला ठाऊक आहे. पिठाच्या गिरणीच्या वेळी काय झाले, तेही कोणी विसरले नसेल. निदान शेजाऱ्यांना आधी सांगावे, ही अपेक्षा फार मोठी आहे का?

साठे (क्र. ८): वहिनी, मशीन अजून घेतलेले नाही, फक्त फोटो पाहिले आहेत. हरिहरच्या कारखान्यातला, किर्लोस्करचा सहा फुटी लेथ भोसरीतल्या एका शेडमध्ये विकायला आहे. निवृत्तीनंतर वाफेच्या इंजिनांच्या लहान प्रतिकृती करण्याची माझी इच्छा आहे. बाहेरचे काम मी घेणार नाही, त्यामुळे गिरणीशी तुलना करू नये ही विनंती.

देशमुख (क्र. ३): मशीनचे वजन कृपया लिहावे. ते उतरवायला हायड्रा क्रेन आतल्या रस्त्यावर आली, तर माझ्या दारासमोरच्या ड्रेनेज चेंबरचे झाकण फुटेल.

इनामदार (क्र. ११): वाफेचे इंजिन तयार झाले की ते पंपाला जोडावे. आपली मोटर नाहीतरी दर उन्हाळ्यात जळतेच.

पाटील (सचिव): इनामदार, मोटरचा विषय मागच्या सभेत संपला आहे.

इनामदार (क्र. ११): विषय संपला, पाणी मात्र अजून वर चढत नाही.

कुलकर्णी (क्र. १): ध्वनिप्रदूषणाच्या २०००च्या नियमांनुसार निवासी भागात सकाळी ६ ते रात्री १० या वेळेत ५५ डेसिबल आणि रात्री ४५ डेसिबल अशी मर्यादा आहे. साठे यांनी या चौकटीत राहून छंद जोपासला तर मला आक्षेप घेण्याचे कारण दिसत नाही.

सौ. गोखले (क्र. ७): कुलकर्णी काका, आपले घर गेटजवळ आहे, म्हणून आपल्याला कारण दिसत नाही. माझ्या सासूबाई दुपारी त्याच भिंतीलगतच्या खोलीत झोपतात.

साठे (क्र. ८): वहिनी, आपल्या स्वयंपाकघराचे काम चालू असताना आमच्या घरात दिवसभर ड्रिलचा आवाज घुमत होता, तरी आम्ही एक अक्षर काढले नाही, हे नम्रपणे नमूद करतो.

जाधव (क्र. ५): मी भोसरीत याच कामात आहे, म्हणून थोडे लिहितो. चांगला लेथ फारसा आवाज करत नाही. आवाज करतात ते झिजलेले गिअर, स्पिंडलचे, म्हणजे फिरणाऱ्या मुख्य दांड्याचे, खराब झालेले बेअरिंग आणि नीट लेव्हल न केलेले पाय. पायांखाली रबरी पॅड घालून आणि भिंतीपासून हात जाईल एवढी जागा सोडून मशीन बसवले, तर भिंतीत जाणारी थरथर बरीच कमी होते. मात्र साठे काका, तुम्ही फोटोंवर विसंबून सौदा करू नका. जुन्या मशीनचा बेड, म्हणजे खालचा लांब लोखंडी पाया, बहुधा चकजवळ, म्हणजे काम पकडून फिरवणाऱ्या भागाजवळच झिजतो, कारण बहुतेक काम तिथेच होते, आणि टेलस्टॉककडचा, म्हणजे दुसऱ्या टोकाचा भाग मात्र जवळपास नव्यासारखा राहतो. सॅडल, म्हणजे हत्यार घेऊन बेडवर सरकणारा भाग, हाताने या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून पाहा. चकजवळ सैल आणि शेवटी घट्ट लागले, तर बेड झिजला आहे असे समजून जा. नवा रंग दिसला की माझा तरी संशय वाढतो.

देशमुख (क्र. ३): वजन अद्याप समजलेले नाही. चेंबरचे झाकण मागच्या वेळी टँकरने फोडले होते आणि त्याचे पैसे कोणी दिले, हे सर्वांना माहीत आहे.

सौ. शिंदे (क्र. ९): मशीन चालू केल्यावर आमचे दिवे मंद होतील का? शिवाय गल्लीत मुले खेळतात.

जाधव (क्र. ५): ताई, दोन हॉर्सपॉवरची मोटर म्हणजे सुमारे दीड किलोवॅट, अनेकांच्या गीझरपेक्षा कमी. जुनी मोटर थ्री फेजची असते, पण व्हीएफडी, म्हणजे मोटरचा वेग नियंत्रित करणारा ड्राइव्ह, बसवला तर ती घरच्या सिंगल फेजवर चालते आणि हळूहळू वेग घेत असल्यामुळे सुरुवातीचा झटकाही बसत नाही. मुलांची काळजी रास्त आहे. कामाच्या वेळी शटर खाली असावे आणि बर, म्हणजे कापताना निघणारे धातूचे वळलेले धारदार तुकडे, बंद डब्यात जावी. ती सोसायटीच्या कचऱ्यात टाकू नये.

साठे (क्र. ८): आज जाधव यांना बरोबर घेऊन मशीन पाहून आलो. चकजवळ सॅडल सुरळीत फिरत होते, पण टेलस्टॉककडे नेताना वाटेतच अडकले. झीज लपवण्यासाठी सॅडलची गिब, म्हणजे सैलपणा काढणारी पट्टी, आवळून ठेवली होती, हे जाधव यांनी स्क्रू सैल करून दाखवले; मग तेच सॅडल चकजवळ हात लावताच सैल डगमगू लागले. सौदा रद्द केला आहे. त्याच परिसरात राजकोटला बनलेला साडेचार फुटी लेथ आहे, वजन अंदाजे अर्धा टन. तो तुलनेने बरा वाटला.

इनामदार (क्र. ११): म्हणजे इंजिनही साडेचार फुटीच होणार.

देशमुख (क्र. ३): अर्धा टन असला तरी हायड्रा लागेलच.

साठे (क्र. ८): देशमुख साहेब, हायड्रा आत येणार नाही. टेम्पो गेटबाहेर थांबेल, हेडस्टॉक (चक फिरवणारा भाग) आणि मोटर सुटी करून आणू आणि बेड लोखंडी पाइपांवरून सरकवत नेऊ. आपल्या चेंबरवर जाड प्लेट टाकण्याची जबाबदारी माझी.

पाटील (सचिव): समितीच्या वतीने लिहितो. दुपारी १ ते ४ आणि संध्याकाळी ७ नंतर मशीन चालू नये. बाहेरचे काम घेऊ नये. चेंबर किंवा पेव्हर ब्लॉकचे नुकसान झाल्यास खर्च साठे यांनी द्यावा. हे त्यांनी लेखी दिले, तर समिती हरकत घेणार नाही.

सौ. गोखले (क्र. ७): पहिल्या दिवशी मशीन चालू करताना मी सासूबाईंच्या खोलीत बसेन. थरथर जाणवली तर त्याच क्षणी बंद करावे लागेल, हेही त्या पत्रात लिहावे.

साठे (क्र. ८): मान्य आहे. पत्र उद्या देतो.

सौ. शिंदे (क्र. ९): टेम्पो कोणत्या दिवशी येणार, ते आधी कळवावे; सकाळी सातला गेटसमोर शाळेची व्हॅन उभी असते.